आईची प्लेट आणि साडेतीन वॅट

१ जानेवारी १९५६, रविवार. सकाळी ७
यंदाचा संकल्प एकच. गुढीपाडव्याला अप्पांना आईची प्लेट ऐकवायची. तारीख ठरली की अर्धं काम झालंच.

हकिकत नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. तेवीस वर्षांपूर्वी आईने एका कंपनीत जाऊन एक गाणं म्हटलं. शब्दही तिचेच. आजोबा कडाडले की प्रभूंच्या घरातली सून बाजारात गात नाही. अप्पांनी आजोबांची बाजू घेतली. प्लेट विक्रीला गेलीच नाही, नमुन्याची एक तेवढी घरी आली, कोऱ्या लेबलाची. अप्पांनी ती ऐकायचं नाकारलं. आईने ट्रंकेत शेल्यात गुंडाळून ठेवली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तिला जाऊन आठ वर्षं झाली.

गेल्या महिन्यात अप्पांना ठाकूरद्वारचे तीन जिने झेपेनात, म्हणून माझी बहीण शकूताई त्यांना हिंदमात्याला आपल्या तळमजल्यावरच्या घरी घेऊन गेली. निघताना अप्पांनी प्लेट माझ्या हातात दिली. म्हणाले, मन्या, मी ही कधी ऐकली नाही रे. आता एकदा ऐकव, मग मी मोकळा. खालच्या मजल्यावर तात्यांकडे फोनो आहे, जाता जाता तिथेच लावू म्हणाले.

मी साफ नकार दिला. तात्यांचा फोनो म्हणजे किल्लीचा डबा. आईच्या प्लेटवर असली रांगडी पिन मी फिरवू देणार नाही. जपायला नको?

शिवाय माझ्याकडे अँप्लिफायर आहे. १९३२ सालचा, एका बंद पडलेल्या टॉकीजमधून सोडवलेला. भरताच्या वांग्याएवढे दोन व्हॉल्व्ह. पेटले की खोलीत उजेड पडतो. लालबागचा लाऊडस्पीकरवाला सीताराम हसला. म्हणाला, साडेतीन वॅट? ह्याच्यान घरातलो मच्छर उठाचो नाय. त्याचं मशीन तीस वॅटचं. सातवी नापास माणूस, त्याला काय कळणार? वॅट कमी असले तर स्पीकर एफिशिएंट हवा, की झालं. चमचाभर तेलात रात्रभर जळणारी समई असते, तसा.

म्हणजे आता प्रश्न फक्त स्पीकरचा. दोन रविवारचं काम.

८ जानेवारी, रविवार
पहिली चाचणी. रेडिओतला आठ इंची स्पीकर, फळीला भोक पाडून बसवला. आवाज इतका स्वच्छ की दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी बांगडी वाजते तीसुद्धा ऐकू येते. पण खर्ज नाही. पातळ. अप्पांना पातळ आई ऐकवायची नाही. स्पीकर बाद.

प्लेट एकोणीस वेळा लावली. पिन एकच. डबीवर लिहिलंय, दर वेळी नवी पिन घाला. पिना विकायचे धंदे आहेत.

१७ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३
कर्फ्यू. ऑफिस बंद. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत म्हणून कालपासून गिरगाव पेटलंय. दगड, अश्रुधूर, मग गोळीबार. गोळ्यांचा आवाज चार वाड्या ओलांडून खिडकीत खणखणीत येतो. ट्रेबल भरपूर.

सक्तीची सुट्टी वाया घालवायची नाही असं ठरवलं. दहा इंची स्पीकर लावून सकाळपासून तुलना. बत्तीस वेळा. दुपारी तात्या वर आले. म्हणाले, मनमोहन, जरा बंद करतोस का? आमचा दौलत काल सकाळपासून घरी आलेला नाही, जिन्यावर पाऊल वाजलं तर ऐकू यायला हवं. बंद केला. दहा इंचीत मधला आवाज दबतो, हे तोवर लक्षात आलंच होतं.

२० जानेवारी, शुक्रवार
दौलत इस्पितळात सापडला. मांडीला गोळी. वाचेल म्हणतात. तात्यांना भेटून आलो. त्यांचा फोनो पाहिला. त्यावर कपडे वाळत घातले होते. बरं झालं प्लेट तिथे लावली नाही.

५ फेब्रुवारी, रविवार
ट्रामने लालबागला, मांडीवर अँप्लिफायर, काखेत प्लेट. सीतारामच्या दुकानात सात स्पीकर एकामागून एक लावले. मिलिटरीच्या मोडीतला बारा इंची बरा होता. पण 'स' म्हणताना किंचित फरफर करतो. पहिल्या ओळीतला 'स' मी खास चाचणीसाठी निवडलाय.

सीताराम सबंध वेळ स्टुलावर बसून होता. सोल्डरिंग सोडून डोळे मिटून. चहा थंड झाला त्याचा. तेविसाव्या वेळेला उठला आणि म्हणाला, भाऊनु, पुरे करा. प्लेट झिजतली. निदान पिन तरी बदला, माऊलीचो आवाज खरवडून काढतास तुमी.

मी त्याला शांतपणे समजावलं की ते किल्लीच्या फोनोला लागू. माझ्याकडे पिन धरतो तो विजेचा पिकअप. वीज झिजवत नाही.

४ मार्च, रविवार
आज मोठा शोध लागला. पिकअपच्या डोक्यावर एक ढब्बू पैसा ठेवला तर खर्ज एकदम भरतो. दोन ठेवले तर अजून. दोनवर कायम केलं. असल्या गोष्टी पुस्तकात नसतात. स्वतः राबावं लागतं.

शकूताई येऊन गेली, कोबी-कोलंबीचं भानोलं घेऊन. म्हणाली, अप्पा रोज विचारतात, मन्या आला का. तू नुसती घेऊन ये ना रे, आमच्या शेजाऱ्यांकडे इलेक्ट्रिकचा फोनो आहे, पाच मिनिटांचं काम. बायकांना सगळं पाच मिनिटांचं वाटतं. मी म्हटलं, ताई, तेवीस वर्षं थांबले, आता सव्वा महिना. ती म्हणाली, तेवीस वर्षं ते थांबले नव्हते, ते रुसले होते. थांबलेत आत्ता.

भानोलं उत्तम होतं.

१२ एप्रिल, गुढीपाडवा
जमलं नाही. कारण माझं नाही, बारा इंची स्पीकरचं. बांगडी ऐकू येईना. जानेवारीत आठ इंचीवर येत होती, म्हणजे हा स्पीकर वरचे सूर खातो हे सिद्ध झालं. असला स्पीकर अप्पांसमोर न्यायचा म्हणजे आईचा अपमान. आधी एकदा झालाय तेवढा पुरे.

हिंदमात्याला जाऊन सांगून आलो. अप्पा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून खुर्चीत बसले होते. शकूताईने दाराला तोरण लावलं होतं. मी मोकळ्या हातांनी आलोय हे पाहून अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. म्हणाले, बरं. मग कधी? मी ठामपणे सांगितलं, अविधवा नवमीला. आई सवाष्ण गेली, तिचाच तो दिवस, त्या दिवशी तिलाच घरात गाऊ दे. कल्पना त्यांना आवडली असावी. खुंटीवरच्या टोपीकडे बघत मान हलवली त्यांनी.

१३ मे, रविवार
शकूताईने आणलेलं स्थळ. सुनेत्रा, बी. ए., दादर. मुलगी, तिचे वडील, मामा सगळे माझ्या खोलीवर आले. पोहे झाल्यावर मी तिला एक साधा प्रश्न विचारला. दोन स्पीकर लावून दाखवतो, कुठला जास्त मोकळा वाटतो? प्लेट दोनदा लावली. मुलगी बराच वेळ खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, दोन्हीकडे खरखर सारखीच आहे. त्या बाई गातायत काय तेच कळत नाही.

नकार कळवला. ज्या मुलीला बारा इंची आणि चहाच्या खोक्याचं कॅबिनेट केलेला बारा इंची यातला फरक कळत नाही, तिच्याबरोबर आयुष्य कसं काढायचं?

(त्यांचाही नकार आला. माझ्या आधी पोस्टात पडला होता.)

२४ जून, रविवार
आता कळून चुकलं. कागदी कोनाचे स्पीकर साडेतीन वॅटचे नाहीतच. भोंगाच हवा. भोंगा एका वॅटमध्ये मैदान भरतो. सहा महिने मी चुकीच्या पेठेत हिंडलो. पण वाया काही गेलं नाही, कान तयार झाला. एकूण २७१ वेळा.

लालबागला गेलो तर सीतारामच्या दुकानात एकही भोंगा नाही. सगळे समितीच्या सभांना. दोन नरे पार्कला, चार कामगार मैदानावर, एक नायगावला चाळीत. म्हटलं, मला फक्त एक रविवारी हवा. म्हणाला, आधी मुंबय घेवया, मग भोंगो घ्या. मुंबई काय, आज ना उद्या मिळेलच. नवमी वर्षातून एकदा येते.

मग त्याने हळूच विचारलं, प्लेट आणलास? एकदा लावा मां. मला बरं वाटलं. त्याच्या तीस वॅटवर लावली. त्याने स्टूल ओढलं, डोळे मिटले, आणि गाणं संपायच्या आतच उठून गेला. एवढा जोरकस मशीनवाला, पण त्यालाही त्याचा स्पीकर असह्य झाला. मनात म्हटलं, कळलं ना आता फरक.

१२ ऑगस्ट, रविवार
दिल्लीने मराठी-गुजरातीचं एकच द्वैभाषिक राज्य केलं. वाडीत सगळे चिडलेले, रस्त्यावर घोषणा. मी खिडकी लावून घेतली, मोजमाप बिघडतं.

शकूताईचा निरोप. अप्पांना परवा छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, जिना नाही, दगदग नाही, जे काय मनात असेल ते करून घ्या. मी ताबडतोब गेलो. अप्पा झोपून होते. माझा हात धरून म्हणाले, मन्या, ती प्लेट फार मोठा आवाज काढत नसली तरी चालेल रे. मला जवळचं ऐकू येतं.

त्यांना वाटतं, मी मोठ्या आवाजासाठी करतोय. समजावत बसलो नाही. जवळचं-लांबचं नाही, खरं आणि खोटं एवढाच प्रश्न आहे. घरी येऊन पिन बदलली. (जुनी जूनपासूनची होती.) काही फरक नाही. म्हणजे सीतारामचं म्हणणं खोटं.

९ सप्टेंबर, रविवार
गणपती. सभा संपल्या तर आता सगळे भोंगे मंडपांत. पण देव माझ्या बाजूला आहे. परळच्या एका गोदामात टॉकीजचा लाकडी भोंगा सापडला. सहा फूट लांब, तोंड एवढं की त्यात माणूस बसेल. माझ्या अँप्लिफायरच्याच साली जन्मलेला. याच्यासाठी साडेतीन वॅट म्हणजे चैन. गोदामवाल्याच्या दारात गणपती विसर्जनापर्यंत कुलूप, तो गावी गेलाय.

प्लेटवर जरा पांढुरका पट्टा दिसतो. दमट हवा. साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ ब्रशने घासली.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
भोंगा माझा झाला. जिन्यातून वर जाईना. खाली तात्यांच्या दारात ठेवलाय. दौलत आता कुबडी घेऊन येतो-जातो, त्याला वळसा पडतो. पण आठवड्याचाच प्रश्न आहे.

२६ सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ६
अंगणात भोंग्याची चाचणी. वायर तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडली. आठ वेळा लावली.

इतका एफिशिएंट स्पीकर मी जन्मात ऐकला नाही. प्लेटवरचा धुळीचा कण न् कण वाडीभर ऐकू गेला. गाणं त्याच्या मागे थोडं लांब वाटतं, ते अंगण उघडं आहे म्हणून. घरात, चार भिंतींत, पुढे येईल. समोरच्या काकू गॅलरीत येऊन विचारत होत्या, नळ कुणाचा उघडा राहिलाय. लोकांचे कान गेलेत.

परवा नवमी. अप्पांना दिलेला शब्द पाळतोय असं वाटतंय. अप्पांच्या चेहऱ्याकडे मी बघणार नाही, मला रडू येईल.

२८ सप्टेंबर, अविधवा नवमी. दुपारी १
हातगाडी ठरवली होती, बरोबर सीताराम आपणहून आला. म्हणाला, जड आसा, एकट्याक जमाचा नाय. हिंदमात्याला पोचलो. साड्यांच्या दुकानांसमोर लोक थांबून भोंग्याकडे बघत होते. भोंगा शकूताईच्या घरात शिरला, पण मग खोलीत पलंग आणि भोंगा एवढंच उरलं. सवाष्णीचं जेवण बाहेर पॅसेजमध्ये वाढलं. अप्पांना तीन उशा लावून बसवलं. टोपी मागितली त्यांनी. व्हॉल्व्ह तापायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात हे लिहितोय.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७
लिहायलाच हवं.

प्लेट लावली. तापल्या तव्यावर पाणी ओतावं तसा आवाज, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याच्या पलीकडे, भिंतीआड कुणी बोलत असावं तेवढं काहीतरी. अप्पा कानामागे हात धरून पुढे वाकले होते. मिनिटभराने म्हणाले, लाव की रे. मी म्हटलं, लावलीय अप्पा. ते म्हणाले, हो, पण ती कधी सुरू होणार?

प्लेट संपली. मी म्हटलं, भोंग्याचा कोन बदलायला हवा. वायर सैल असेल. पलंग मधे येतोय, खर्ज शोषून घेतो. सीतारामने पिशवीतून आपली एक प्लेट काढली, गणपतीच्या दिवसांत वाजवतो ती, माझे दोन्ही ढब्बू पैसे उचलून बाजूला ठेवले, नवी पिन घातली आणि लावली.

भोंगा गायला. गायकाचा श्वास ऐकू आला, टाळांच्या काठाला काठ लागलेला ऐकू आला. साडेतीन वॅट. माझी निवड बरोबर होती. एवढा चांगला स्पीकर मुंबईत दुसरा नसेल. तेव्हा मला कळलं. मी आईचा आवाज मारला. अप्पांनी तो तेवीस वर्षं कोंडून ठेवला होता, पण शाबूत ठेवला होता.

अप्पांनीच सीतारामला थांबव म्हणून हात केला. मला म्हणाले, असू दे. तू तर ऐकलीयस ना? किती वेळा?

४१२ वेळा. आकडा तोंडपाठ होता, तोंडातून गेला.

मग शब्द सांग, म्हणाले. नुसते सांग. काय म्हणत होती ती?

मी तोंड उघडलं. पहिल्या ओळीत 'स' आहे. एक मिनिट दहा सेकंदांवर तान आहे, तिथे आठ इंची फाटतो. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी बांगडी. एवढं मला येतं. आई काय म्हणत होती ते मला माहीत नाही. ४१२ वेळा मी स्पीकर ऐकला. मी म्हटलं, आवाज फार गोड होता, अप्पा. ते म्हणाले, ते मला सांगतोस? मी संसार केलाय तिच्याबरोबर.

शकूताईने पदर तोंडाला लावला. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दारात भोंगा होता.

सीताराम खाली बसून वायर गुंडाळत होता. मान वर न करता, चाल नाही काही नाही, आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला,

माझ्याच घरी माझा सूर पाहुणा, दार कुणी उघडीना,
कडी आतली ज्याच्या हाती, तोच मला ओळखीना.

अप्पांनी मान त्याच्याकडे वळवली. म्हणाले, परत म्हण. सीताराम परत म्हणाला. त्यांनी पलंगावर हात थोपटून त्याला जवळ बसवलं. तेलकट पँटने तो कडेला बसला. पुढे काय, अप्पांनी विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, पुढचा फेब्रुवारीत जरा जरा ऐकाक येय होता. विसारलंय. मगे जूनात परत ऐकाक बसलंय, तेव्हा पुसान गेलेला.

दोन ओळी. अप्पांनी चार वेळा म्हणायला लावल्या. पाचव्यांदा त्यांचेच ओठ हलायला लागले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. बघवलं नाही.

मी प्लेट शेल्यात गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवायला गेलो. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, आणि माझा हात मात्र बाजूला केला.

शकूताई पॅसेजच्या टोकापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, अप्पांनी सीतारामला उद्या परत बोलावलंय, अजून काही आठवतं का बघायला. तू आला नाहीस तरी चालेल. भोंगा तेवढा सकाळी घेऊन जा, खोलीत कुणाला पाय ठेवायला जागा नाही.